ऊर्जा संशोधनाचा सरकारी निधी सोलापुरात कसा आणावा?

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेकडचे वीजजाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी एकाच वारंवारितेवर जोडले गेले. साऱ्या देशाची वीज एका जाळ्यात आली ती सोलापूरच्या वाटेने. त्याच सोलापूरजवळ, होटगी परिसरात, एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. जिल्ह्यातले साखर कारखाने गळीत हंगामात बगॅस जाळून स्वतःची गरज भागवतात आणि कित्येक कारखाने उरलेली वीज विकतात. आणि ऊन तर इथे बारमाही. जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असल्याने पावसाचे दिवस मोजकेच.

वीज तयार करण्यात आणि पुढे पाठवण्यात सोलापूर मागे नाही. पण सोलापूरच्या ऊर्जेचे प्रश्न सोलापुरातच अभ्यासले जावेत आणि त्यासाठी केंद्राचा, राज्याचा पैसा इथल्या प्रयोगशाळांत, कारखान्यांत, शेतांत यावा, हा आग्रह अजून पुरेशा जोराने धरला जात नाही. निधीच्या योजना आहेत, त्यांची दारे जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थांनाही खुली आहेत. त्या दारांपर्यंत तयारीने कसे जायचे, हे प्राध्यापक, उद्योजक, कारखान्यांचे अभियंते आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते या सर्वांना उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आधी प्रश्न, मग अर्ज

बहुतेक अर्ज उलट्या टोकाने सुरू होतात. योजनेची जाहिरात येते, शेवटची तारीख तीन आठवड्यांवर असते आणि मग ‘यात आपल्याला काय बसवता येईल’ याचा शोध सुरू होतो. अशा घाईत सोलर सेल, बॅटरी, हायड्रोजन असा चलनातला विषय उचलला जातो. त्या विषयात आयआयटी, आयसर आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा आधीपासून उतरलेल्या असतात आणि त्यांच्याकडची उपकरणे जिल्ह्याच्या महाविद्यालयाकडे नसतात. तिथे बरोबरी करता येणे अवघड.

सोलापूरची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. इथे असे प्रश्न आहेत जे पवईला किंवा दिल्लीला बसून अभ्यासता येणार नाहीत.

पहिला प्रश्न डाइंगच्या उष्णतेचा. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्या टॉवेलच्या सुताला रंग चढतो तो गरम पाण्यात. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कार्यक्रमासाठी देशभरातून जे औद्योगिक समूह निवडले, त्यांत सोलापूरचा वस्त्रोद्योग होता. त्या निमित्ताने या समूहाची ऊर्जा-पुस्तिका आणि काही सुधारणांचे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार झाले. नव्या अर्जदाराने कोऱ्या पानापासून सुरुवात करायची गरज नाही, तो पाया तयार आहे.

साधा हिशेब पाहू. १,००० लिटर पाणी ३० अंशांवरून ८० अंशांवर न्यायला ५०,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ५८ युनिट इतकी उष्णता लागते. एक किलो लाकडातून ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी मिळतात आणि बॉयलरपासून हौदापर्यंतची एकूण कार्यक्षमता ५० टक्के आहे असे धरले, तर एवढ्यासाठी ३० किलोच्या आसपास लाकूड जळते. ही कार्यक्षमता खरोखर ५० आहे की ३५, ते मोजल्याशिवाय कळत नाही. ऊन भरपूर असलेल्या शहरात ८० अंशांचे पाणी सूर्याकडून किती मिळवता येईल, रात्रपाळीसाठी ती उष्णता कशी साठवायची, रंगवून झालेल्या गरम पाण्यातली उष्णता पुन्हा कशी वापरायची, हे सगळे संशोधनाचे प्रश्न आहेत.

दुसरा प्रश्न पाचटाचा. ऊसतोड झाल्यावर हेक्टरी साधारण ८ ते १० टन वाळलेली पाने शेतात राहतात आणि अनेक ठिकाणी ती पेटवून दिली जातात. माळशिरस, माढा, पंढरपूर, करमाळा या पट्ट्यात हे इंधन दरवर्षी डोळ्यांदेखत धूर होऊन जाते. ते गोळा करायला किती खर्च येतो, किती शेतातच कुजवावे आणि किती उचलावे, कांडी करावी की कोळसा की बायोगॅस, याचे उत्तर तालुक्यागणिक बदलते.

तिसरा प्रश्न धुळीचा आणि पाण्याचा. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटचे उद्दिष्ट आहे आणि गावोगावी जमिनीवर पॅनेल उभी राहत आहेत. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्यांच्यावर धूळ बसते. ती धुवायला पाणी लागते आणि पाणी तर इथे मोजून मिळते. किती दिवसांनी साफसफाई केली म्हणजे विजेचे नुकसान आणि पाण्याचा खर्च यांचा मेळ बसेल? पाण्याविना सफाई कशी करायची? हे प्रश्न अवर्षणप्रवण जिल्ह्यानेच सोडवायचे आहेत.

याशिवाय साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून बायोगॅस, शहरातल्या कचऱ्यापासून ऊर्जा, डाळिंब आणि बेदाणा सुकवण्यासाठी सौर वाळवणयंत्रे, यंत्रमागांच्या जुन्या मोटारी असे विषय आहेतच. यांपैकी एकच निवडावा. तीन प्रश्न एका प्रस्तावात कोंबले की परीक्षकाला एकही नीट दिसत नाही.

जवळपासच्यांनी काय केले

प्रादेशिक प्रश्नावर केलेले काम दूरवर पोचते, याचे पुरावे शेजारीपाजारीच सापडतात.

माळशिरस तालुक्याला लागून असलेल्या फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन केली. डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतून येऊन तिथे रुजू झाले. गोड ज्वारीपासून इथेनॉल, त्या इथेनॉलवर चालणारी शेगडी आणि कंदील, उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर असे विषय या संस्थेने हाताळले. तालुका हा ऊर्जेच्या नियोजनाचा घटक मानावा आणि तालुक्यातल्या शेतातील काडीकचऱ्यावर तालुक्याची गरज भागवावी, ही मांडणी राजवंशी यांनी फलटण तालुक्याचा अभ्यास करून केली. २०२२ मध्ये राजवंशींना पद्मश्री मिळाली.

या कामातून अर्जदाराने आणखी एक गोष्ट उचलावी. इथेनॉलची शेगडी तांत्रिकदृष्ट्या चालली, तरी इथेनॉल घरगुती इंधन म्हणून विकायला उत्पादन शुल्काचे नियम आड आले. म्हणून आपल्या संशोधनाचे फलित बाजारात किंवा शेतात जाताना कोणत्या परवानग्या लागतील, याचा एक परिच्छेद प्रस्तावात पहिल्यापासून असावा. महावितरणची जोडणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, बॉयलर निरीक्षकांची तपासणी यांचा उल्लेख असला की प्रस्ताव जमिनीवर उभा आहे हे कळते.

पाचटाच्या बाबतीत ‘आरती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या संस्थेचे काम पाहण्यासारखे आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत विकसित केली. तिला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला आणि घरगुती छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये पुन्हा. पाचट हलके आणि फुगीर असल्याने ते लांब वाहून नेणे परवडत नाही, म्हणून भट्टीच शेतात न्यायची, असा विचार या पद्धतीमागे होता. यंत्रापेक्षा वाहतुकीचा प्रश्न मोठा आहे, हे ज्याने शेतात उभे राहून पाहिले त्यालाच सुचते.

सोलापूरच्या डाइंगला सर्वांत जवळचे उदाहरण लातूरचे. तिथल्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरचा ‘अरुण’ हा सौर डिश संकलक बसवण्यात आला. २००६ च्या सुमारास तो दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उष्णता देऊ लागला. आयआयटी मुंबई आणि मुंबईची क्लिक ही कंपनी यांनी मिळून हे तंत्र विकसित केले आणि केंद्राच्या तेव्हाच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाचे पाठबळ त्याला होते. या त्रिकुटाकडे लक्ष द्यावे. शिक्षणसंस्थेकडे शास्त्र, कंपनीकडे यंत्र घडवण्याचे कसब आणि डेअरीकडे रोजची खरी गरज. मंत्रालयाने पैसा दिला तो या तिघांच्या जोडणीला. डेअरीच्या जागी चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतले डाइंग हाऊस कल्पून पाहिले, की सोलापूरच्या प्रस्तावाचा आराखडा डोळ्यांपुढे येतो.

पैसा कुणाकडे आहे

सरकारी निधीच्या वाटा अनेक असल्या तरी अर्जदार कोण आणि काम कोणत्या टप्प्यावर, या दोन गोष्टी ठरल्या की निवड सोपी होते.

प्राध्यापक आणि संशोधकांसाठी सर्वांत मोठे दार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे, म्हणजे एएनआरएफचे. यासाठीचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे ‘सर्ब’, त्यात विलीन झाले. नव्याने नोकरीत आलेल्या अध्यापकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. राज्य विद्यापीठांसाठी ‘पेअर’ हा कार्यक्रम विशेष महत्त्वाचा. त्यात संशोधनात आघाडीवर असलेली एक संस्था केंद्रस्थानी असते आणि इतर विद्यापीठे तिच्याशी जोडली जातात. विद्युत वाहनांसाठी ‘महा-ईव्ही’ ही मोहीम आहे, तिच्यात बॅटरी, मोटार व पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि चार्जिंग हे विषय येतात.

ऊर्जेच्या थेट विषयासाठी नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा संशोधन व तंत्रज्ञान विकास कार्यक्रम आहे. २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी त्याला २२८ कोटी रुपयांची तरतूद होती. सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत, तर उद्योग, स्टार्टअप आणि खासगी संस्थांना ७० टक्क्यांपर्यंत साहाय्य असे त्याचे सूत्र आहे. आपली संस्था यांपैकी कोणत्या गटात धरली जाईल, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्यावे. उरलेले ३० टक्के कोण देणार, याचे पत्र जोडता आले नाही तर चांगला प्रस्तावही अडतो. नव्या आर्थिक चक्रात अटी बदलू शकतात, तेव्हा ताज्या मार्गदर्शक सूचना वाचूनच आकडे लिहावेत.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली. १९,७४४ कोटींच्या या मोहिमेत संशोधनासाठी ४०० कोटी ठेवले आहेत. सोलापूरने यात उतरायचे तर पाण्याची बाजू आधी विचारात घ्यावी. हायड्रोजनसाठी शुद्ध पाणी लागते आणि उजनी धरणाच्या पाण्यावर आधीच अनेकांचा हक्क आहे. उसाच्या अवशेषांपासून किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापासून हायड्रोजन हा इथे जास्त शोभणारा विषय आहे.

पीएम सूर्यघर योजनेत ‘नावीन्यपूर्ण प्रकल्पां’साठी ५०० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत किंवा ३० कोटी, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळू शकते. घरालाच माग जोडलेल्या, सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागधारकांच्या छपरांवर सौरऊर्जेचा काही नवा सामूहिक प्रयोग करायचा असेल, तर हे दार ठोठवावे.

विद्युत अभियांत्रिकी विभागांसाठी बंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेमार्फत म्हणजे सीपीआरआयमार्फत चालणारी ‘रिसर्च स्कीम ऑन पॉवर’ आहे. ट्रान्सफॉर्मर, केबल, वितरणातली हानी, कृषी वाहिन्यांवरचा दाब असे विषय इथे बसतात आणि महावितरणचे स्थानिक कार्यालय सोबत आले तर त्याचे वजन वाढते.

स्वयंसेवी संस्थांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा ‘सीड’ विभाग आणि त्यातली ‘तारा’ योजना आहे. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या विज्ञानसंस्थांना ती दीर्घकाळ आधार देते. नमुना यंत्र बनवू पाहणाऱ्या तरुणांसाठी ‘निधी-प्रयास’मधून १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुण्यात एनसीएलच्या आवारातले व्हेंचर सेंटर हे या योजनेचे एक केंद्र आहे. राज्याच्या नावीन्यता सोसायटीमार्फत भरणाऱ्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या गेलेल्या उद्योगांना सरकारी कार्यादेश मिळतात. आपले यंत्र एखाद्या सरकारी खात्यात प्रत्यक्ष चालवून दाखवण्याची ती संधी असते.

तंत्रज्ञान प्रयोगशाळेबाहेर सिद्ध झाले असेल आणि आता मोठे करायचे असेल, तर १ लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नावीन्य निधी योजना पाहावी. तिला १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मात्र ते अनुदान नव्हे. दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज किंवा भांडवली गुंतवणूक असे त्याचे रूप आहे आणि ते खासगी क्षेत्रासाठी आहे.

राज्याच्या पातळीवर १९८५ मध्ये स्थापन झालेली ‘महाऊर्जा’ आणि मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग या दोन ठिकाणी संपर्क हवाच. आणि सर्वांत जवळचे दार जिल्हाधिकारी कार्यालयातच आहे. जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजनां’साठी काही भाग राखलेला असतो. पाचट गोळा करण्याची चाचणी किंवा दहा डाइंग हाऊसमधली मोजणी यांसारखे छोटे, एका वर्षात पुरे होणारे काम तिथून उभे राहू शकते. त्याच कामाची आकडेवारी घेऊन पुढे दिल्लीला जाता येते.

जोडीदार इथेच आहेत

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. एकाच जिल्ह्यासाठीचे हे विद्यापीठ आहे. पीएम-उषा योजनेतून २०२४ मध्ये त्याला १०० कोटी रुपये मंजूर झाले. जिल्ह्याचा ऊर्जाप्रश्न हा विद्यापीठाचा स्वाभाविक संशोधनविषय ठरावा, अशी ही रचना आहे. १९८३ पासून वालचंद तंत्रशास्त्र संस्था आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला श्री विठ्ठल एज्युकेशन अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र चालते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. उसाच्या प्रश्नांसाठी पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तीन-चार तासांच्या अंतरावर आहे.

जोडीदार निवडताना नुसते सहमतीचे पत्र पुरत नाही. ‘आम्हांस सदर प्रकल्पात रस आहे’ अशा एका ओळीच्या पत्राला परीक्षक फारसे महत्त्व देत नाहीत. कारखाना कोणते यंत्र किती दिवस उपलब्ध करून देणार, मोजणीसाठी माणूस कोण, रोख किंवा वस्तुरूपाने किती रुपयांचा वाटा उचलणार, हे पत्रात स्पष्ट असावे. सूतगिरण्या, डाइंग आणि साखर कारखाने यांना आपल्या उत्पादनाचे आकडे बाहेर जाण्याची धास्ती असते. त्यासाठी गोपनीयतेचा करार सुरुवातीलाच करावा, म्हणजे मधेच आकडे मिळेनासे होत नाहीत.

प्रस्ताव लिहिताना

परीक्षकाच्या टेबलावर डझनभर प्रस्ताव असतात. पहिल्या पानावर त्याला चार गोष्टी दिसायला हव्यात. प्रश्न काय, तो आज किती मोठा आहे, अर्जदार नेमके काय करणार आणि शेवटी हाती काय येणार.

‘सोलापुरात ऊर्जेची मोठ्या प्रमाणावर नासाडी होते’ हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचे नाही. ‘तीन डाइंग युनिटमध्ये पंधरा दिवस मोजले असता एक किलो सूत रंगवायला इतके किलो लाकूड आणि इतके लिटर पाणी लागले’ हे वाक्य लिहिता आले, की निम्मे काम झाले. ही मोजणी निधी येण्याआधी करायची असते. तिला मोठा खर्च येत नाही. वजनकाटा, पाण्याचा मीटर, तापमापक, नोंदवही आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी एवढ्यावर ती होते. धुळीच्या प्रश्नासाठी दोन सारखी पॅनेल शेजारी लावावीत, एक रोज पुसावे, एक तसेच ठेवावे आणि दोन्हींची वीज रोज टिपावी. मार्च ते जूनमधल्या नोंदी हाती असल्या, तरी प्रस्तावाला बळ येते.

उद्दिष्टे तीन-चारच असावीत आणि प्रत्येकापुढे आकडा असावा. ‘कार्यक्षमता सुधारणे’ याऐवजी ‘इंधनाचा खप २५ टक्क्यांनी कमी करून दाखवणे’ असे लिहावे. तंत्रज्ञान-सिद्धतेची पातळी, म्हणजे टीआरएल, १ ते ९ या श्रेणीत मोजतात. आज आपण कुठे आहोत आणि प्रकल्पाअंती कुठे असू, हे प्रामाणिकपणे लिहावे. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पातळीवरून थेट नवव्या पातळीची आश्वासने दिलेला प्रस्ताव विश्वास गमावतो.

अंदाजपत्रक हा पुष्कळ प्रस्तावांचा कच्चा दुवा. अनावर्ती खर्चात उपकरणे येतात. प्रत्येक उपकरणाचे दरपत्रक जोडावे आणि जवळच्या संस्थेत ते उपलब्ध असेल तर नवे का हवे, याचे कारण द्यावे. आवर्ती खर्चात मनुष्यबळ, साहित्य, प्रवास आणि संकीर्ण. कनिष्ठ संशोधन छात्राला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्राला ४२,००० रुपये असा दर लागू झाला, त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. सोलापूर ‘वाय’ वर्गातले शहर आहे, त्यामुळे भत्ता त्या दराने धरावा. उपकरणांच्या देखभालीचा आणि मोजणीयंत्रांच्या कॅलिब्रेशनचा खर्च विसरू नये, कारण कॅलिब्रेशन न केलेल्या मीटरचे आकडे पुढे कुणी मानत नाही.

मंजुरी आल्यानंतर

मंजुरीपत्र हातात पडले की पहिला आनंद ओसरतो आणि हिशेबाची शिस्त सुरू होते. इथे ढिलाई झाली तर पुढचा हप्ता थांबतो आणि संस्थेचे नावही खराब होते.

केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू असतात. त्यांनुसार उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए या नमुन्यात, लेखापरीक्षित खर्चपत्रकासह द्यावे लागते. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते सरकारला परत करायचे असते. अनुदानातून घेतलेल्या उपकरणांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि मंजुरीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रकल्पाचे स्वतंत्र खाते, पीएफएमएस नोंदणी आणि स्वयंसेवी संस्था असल्यास दर्पण पोर्टलवरचा क्रमांक ही तयारी अर्जाआधीच करून ठेवावी. संस्थेला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे डीएसआयआरची मान्यता असेल, तर अनेक दारे सोपी होतात. संशोधन अनुदानावरच्या जीएसटीबाबत महाविद्यालयांना चिंता होती. ५४ व्या जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी संस्थांना, तसेच आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संशोधन संस्था, विद्यापीठे आणि महाविद्यालयांना अनुदानातून होणाऱ्या संशोधनासाठी सूट देण्याची शिफारस केली. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे.

निष्कर्ष जाहीर करण्याआधी पेटंटचा विचार करावा. शोधनिबंध किंवा परिषदेतले भाषण आधी झाले की नवेपणाचा दावा कमकुवत होतो. तात्पुरते विवरणपत्र दाखल केले, तर पूर्ण विवरणपत्र देण्यासाठी १२ महिने मिळतात. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, म्हणून खर्चाचे कारण सांगून ही पायरी टाळू नये. कारखान्याशी करार करताना हक्क कुणाचे किती, हे त्याच कागदात लिहावे.

पहिला अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्यावेत. ‘नावीन्य कमी’ हा शेरा असेल तर पूर्वीच्या कामाचा आढावा अपुरा होता, असे समजून तो भाग पुन्हा लिहावा. ‘अर्जदाराचा अनुभव कमी’ असे असेल तर ज्येष्ठ संस्थेतला सह-अन्वेषक घ्यावा. ‘खर्च जास्त’ असेल तर काम एका तालुक्यापुरते करावे. मोजणीचे आकडे मात्र वाया जात नाहीत. तेच आकडे दुसऱ्या योजनेच्या अर्जात तितकेच कामाचे असतात.

कामाचे वेळापत्रक

सोलापूरच्या ऊर्जासंशोधनाला हंगामाचे बंधन आहे. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. पाचट, बगॅस किंवा प्रेसमड यांवर काम करायचे असेल, तर दसऱ्याच्या आत कारखान्याशी करार आणि मोजणीचे साहित्य तयार हवे. तो हंगाम चुकला की पूर्ण वर्ष थांबावे लागते. सौर पॅनेलवरच्या धुळीच्या नोंदी जानेवारीपासून सुरू कराव्यात, म्हणजे उन्हाळ्याचे शिखर हाती येते. डाइंगची मोजणी कधीही करता येते, पण थंडीत पाणी मुळातच गार असल्याने डिसेंबरचा आणि मे महिन्याचा आकडा दोन्ही घ्यावेत.

ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या तीन महिन्यांत एक प्रश्न, एक कारखाना किंवा गाव आणि एक शिक्षणसंस्था ठरवावी. पुढच्या चार महिन्यांत मोजणी, पूर्वीच्या कामाचा आढावा आणि बीईईच्या समूह-अहवालाचे वाचन करावे. त्यानंतर जिल्हा नियोजन समितीकडे छोटा आणि एएनआरएफ किंवा नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे मोठा, असे दोन प्रस्ताव एकाच आकडेवारीवर बेतून लिहावेत. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेता येत नाहीत, म्हणून दोन्हींतील कामाची वाटणी पहिल्या पानावरच लिहावी. मंत्रालयांच्या संकेतस्थळांवर प्रस्ताव मागवण्याच्या सूचना वर्षभर येत राहतात. त्यांवर लक्ष ठेवायला विद्यापीठात किंवा महाविद्यालयात एक माणूस नेमावा आणि आलेली प्रत्येक सूचना त्याने त्याच आठवड्यात संबंधित विभागांना, तसेच चिंचोळीच्या आणि अक्कलकोट रोडच्या उद्योजक संघटनांना कळवावी.